कार्डावरचा हात

वृषाली मगदूमने घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं, तेव्हा इचलकरंजीत असला उद्योग करणारं माणूस जवळजवळ उरलं नव्हतं. २०४१ साल होतं. लोक घरात फक्त पडदा ठेवत. चित्रं काढणारं, खेळ चालवणारं खरं यंत्र दूर कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीत असे आणि त्याचं भाडं महिन्याच्या एक तारखेला आपोआप कापलं जाई. वृषाली साड्यांचे काठ आणि पदर आखून द्यायची. काठावरची वेल मोठी करून, धागा न् धागा पाहायचा म्हटलं की भाड्याचा दर दुप्पट होई. शिवाय तिचे वडील, आप्पा, दुपारभर घाटातल्या ट्रक-शर्यतीचा खेळ खेळत. त्याचं भाडं वेगळं.

आप्पांनी पस्तीस वर्षं मागांची दुरुस्ती करण्यात घालवली होती. कारखाना बंद पडला, पाठोपाठ वृषालीची आई गेली, आणि त्यांच्या हातांना काही काम राहिलं नाही. वृषाली लग्न मोडून आठ वर्षांपूर्वी त्यांच्याकडे परत आली होती. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. भांडण नव्हतं, बोलायला विषय नव्हता.

शहापूर रस्त्यावर इरफान बागवानचं दुकान होतं. मोठ्या कंपन्या जुनी यंत्रं मोडीत काढत, तेव्हा त्यांतले सुटे भाग त्याच्याकडे वजनावर येत.

"बजेट किती ताई?" त्यानं विचारलं.

"भाड्याचे चार महिने समजा. काम पण झालं पाहिजे आणि आप्पांचा खेळ पण."

"मग नवं काही विसरा." इरफाननं काउंटरवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. "हा मदरबोर्ड. एक कोपरा जळलाय, पण तिथली जोडणी तुम्हाला लागत नाही. रॅम जुनी, चालेल. पडदा तुमच्याकडं आहेच. पॉवर सप्लाय मात्र चांगला घ्या. तो गेला तर बाकीच्यांना घेऊन जातो."

"आणि कॅबिनेट?"

"पत्र्याचा डबा तो. त्यात कशाला पैसे घालता?"

कॅबिनेट आप्पांनी केलं. बंद कारखान्यातून आणलेला पत्रा त्यांनी कापला, वाकवला, भोकं पाडली. पंखे कुठं बसवायचे यावरून बापलेकीत जुंपली. वृषालीला दोन्ही पंखे वर हवे होते. "वारं पुढनं आत, मागनं भाईर," आप्पा म्हणाले. "गरम झालेलं काय बी असू दे, त्याला भाईर जायला वाट लागती." शेवटी आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे झालं. त्या आठवड्यात ते दोघं गेल्या वर्षभरात बोलले नसतील तेवढं बोलले.

सगळ्यात महत्त्वाचा भाग होता सवयकार्ड. त्याचं अधिकृत नाव लांबलचक होतं, पण बाजारात सगळे सवयकार्डच म्हणत.

जुन्या कॉम्प्युटरात आठवण एकीकडे आणि आकडेमोड दुसरीकडे अशी व्यवस्था होती. आठवणीतून आकडे उचलायचे, आकडेमोड करणाऱ्या चिपपर्यंत न्यायचे, उत्तर पुन्हा माघारी आणून ठेवायचं. बरीचशी वीज या हेलपाट्यांतच जळायची. सवयकार्डानं हे हेलपाटे बंद केले. त्यात अतिसूक्ष्म तारांची उभी-आडवी जाळी असते, आणि दोन तारा जिथं एकमेकींवरून जातात तिथं मध्ये धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्या जोडातून वीज गेली की थरातले काही अणू किंचित सरकतात आणि पुढच्या वेळी तिथून वीज जाणं थोडं सोपं होतं. वीज बंद केली तरी सरकलेले अणू तिथंच राहतात. जोड वापरला, की वापराची खूण त्या जोडातच उरते. एका कार्डावर असे अब्जावधी जोड.

याचा उपयोग असा, की कार्ड माणसाचा हात शिकायचं. पेन टेकवून रेघ सुरू केली की तिचा वेग, दाब आणि कल पाहून कार्ड उरलेली रेघ ओळखायचं आणि ती स्वच्छ करून पुढं न्यायचं. खेळात त्याचा उलट उपयोग व्हायचा. माणूस कसा खेळतो हे पाहून कार्ड त्याच्यासारखा प्रतिस्पर्धी उभा करायचं. नवं कार्ड वृषालीच्या आवाक्याबाहेर होतं. इरफाननं एक जुनं दिलं. "पुसलेलं आहे," तो म्हणाला. "कोरं समजा."

यंत्र पहिल्याच फटक्यात सुरू झालं. आप्पा दोनदा मागच्या पंख्यापाशी हात धरून आले. "येतंय भाईर," एवढंच म्हणाले.

पहिल्या महिन्यातच वृषालीच्या लक्षात आलं, की काम सोपं झालंय. नवीन कार्डाला हात शिकायला वेळ लागतो असं तिनं ऐकलं होतं. हे तर पहिल्या दिवसापासून तिच्या पुढं धावत होतं. वेलीवर ती तीन पानं काढी. चौथ्याला हात लावला की ते आतल्या बाजूला दुमडलं जाई. तिनं असं पान पूर्वी कधी काढलं नव्हतं. पण ते शोभून दिसत होतं, म्हणून तिनं तसंच ठेवलं.

बियाणी शेठ तिच्याकडून डिझाइन घेऊन साड्या विणून घ्यायचे. त्यांनी नवा काठ भिंगाखाली धरला.

"मॅडम, हात बदलला तुमचा," ते म्हणाले. "आधी नेटकं असायचं. आता बघावंसं वाटतं. असे बारा काठ द्या."

बाराचे पंचवीस झाले. घरी आप्पाही खूश होते. खेळात त्यांच्यासमोर जो ट्रक यायचा, त्याचा ड्रायव्हर त्यांना पटला होता.

"लई सभ्य माणूस हाय," ते वृषालीला जेवताना सांगायचे. "आंधळं वळण आलं की दोनदा हॉर्न देतोय. खेळात कोण देतं? मागनं ओव्हरटेक करताना बी कडेला रेटत न्हाई. हरलो तरी वाईट वाटत न्हाई बघ."

ही खेळाचीच करामत असेल, असं वृषालीला वाटलं.

पाचव्या महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला तिला फोन आला.

"वृषाली मगदूम का? मी सोलापूरहून अरुणा म्याकल बोलते. भाचीच्या साखरपुड्यात एक साडी बघितली. काठावरच्या कोडात तुमचं नाव नि नंबर होता."

"हो, बोला ना."

"बोलायचं एवढंच, की ती पानं आमच्या ह्यांची आहेत. कुठून उचलली तुम्ही?"

वृषालीला आधी राग आला. "मी स्वतः काढलीयेत. माझ्या यंत्रावर. तारखा आहेत माझ्याकडं."

"तारखा राहू देत की. चौथं पान दुमडलेलं का, ते सांगा."

वृषालीनं पडद्यावरचा काठ मोठा करून पाहिला.

"मी सांगते," अरुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे स्वतः मागावर बसायचे तेव्हाची गोष्ट. चारी पानं उघडी ठेवली की काठाचा धागा तिथंच तुटायचा. म्हणून ह्यांनी एक पान दुमडलं. तीस वर्षं झाली. तेव्हापासून दुमडलेलंच काढतात. काढायचे."

"आता नाही काढत?"

"कंपवात झालाय. चमचा धरता येत नाही, पेन काय धरणार? चार वर्षं झाली. तेव्हा घरी यंत्र भाड्यानं मिळायचं, ते कंपनीनं नेलं परत."

वृषालीनं विचारलं, "एक विचारू? ते खेळ खेळायचे का? ट्रकचा?"



"जेवणाच्या सुट्टीत रोज," अरुणाबाई म्हणाल्या. "वळण आलं की दोन-दोनदा हॉर्न. डोकं उठायचं माझं. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

त्याच दुपारी वृषाली इरफानच्या दुकानात गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उगाच इकडून तिकडं ठेवला.

"पुसलेलं म्हणजे काय ताई, नाव-गाव, फाइली पुसतात. जोड सगळे पहिल्यासारखे करायचे तर कार्ड भट्टीत तापवावं लागतं. एवढा खर्च भंगारावर कोण करतं? तुम्हाला भारी कार्ड मिळालं, एवढंच समजा की."

"याची नक्कल काढता येईल? एक मला, एक त्यांना?"

"नाही निघत. जोडात काय आहे ते वाचायला त्यातून वीज सोडायला लागते, आणि वीज सोडली की जोड बदलतो. तरी वाचलंच, तर दुसऱ्या कार्डाचे जोड वेगळे. कुठलीच दोन कार्डं सारखी बनत नाहीत. तिथं ते आकडे घालून नुसता चिखल होतोय." इरफान थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि तुम्ही चालवताय ना रोज? तुमचा हात चढतच असणार त्याच्यावर. अजून सहा महिने थांबा. सगळं तुमचं होऊन जाईल. मग कुणी विचारायचा प्रश्नच नाही."

ही वाट सरळ होती आणि वृषालीला ती दिसत होती. तिला काहीच करायचं नव्हतं. रोजच्यासारखं काम करायचं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं; अरुणाबाईंचा फोन पुन्हा आलाही नव्हता. दिवाळीचे नवे पंचवीस काठ बियाणी शेठना वेळेवर हवे होते. ते संपले की बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. मधल्या काळात कार्ड काढून कपाटात ठेवता आलं असतं. तिनं ते ठेवलं नाही.

अशा चाळीस दिवसांत तिनं एकोणीस काठ पूर्ण केले. काम करताना ती आता पानांकडं नीट बघू लागली होती. चौथं पान कधी दुमडलं जाई, कधी अर्धंच वळून थांबे. एकदा ते सरळ उघडं आलं. तिनं ते खोडलं आणि स्वतःच्या हातानं दुमडून काढलं. मग तिच्या लक्षात आलं, की हे दुमडलेलं पान आता तिचं झालं. कार्डावर तेही तिच्याच हातानं चढलं.

आप्पांना तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी खेळ अर्ध्यावर सोडून ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ह्या मशीनला काय झालंय का?"

"का ओ?"

"तो ड्रायव्हर. गेल्या आठवड्यापासनं एकदाच हॉर्न देतोय. आज तर दिलाच न्हाई. वळणावर सरळ अंगावर आला." आप्पा खुर्ची ओढून बसले. "आजारी माणसागत वाटतोय."

वृषालीनं पेन खाली ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. सोलापूरचा फोन, दुमडलेलं पान, इरफानचं सहा महिन्यांचं गणित, सगळं.

"म्हंजे मी रोज त्या माणसाबरोबर खेळतोय," ते शेवटी म्हणाले.

"त्यांच्या सवयीबरोबर."

"तेच म्हणतोय मी." ते उठले. त्यांनी खेळ बंद केला. मग कॅबिनेटच्या मागं गेले आणि वायरी काढायला लागले. "चार स्क्रू हायत. मी काढू का तू काढतीस?"

"बियाणींचे सहा काठ राहिलेत, आप्पा."

"मग त्यास्नी तसं सांग."

तिनं बियाणी शेठना फोन केला. सहा काठ होणार नाहीत म्हणाली. शेठ चिडले, मग कारण विचारू लागले. तिनं कारण सांगितलं नाही.

म्याकलांच्या यंत्राचा आता पत्ताच नव्हता, म्हणून नुसतं कार्ड नेऊन उपयोग नव्हता. वृषालीनं अरुणाबाईंना फोन करून कार्डाचं सांगितलं, पत्ता घेतला, आणि आप्पांनी अख्खं कॅबिनेट चादरीत गुंडाळलं. सोलापूरच्या एसटीत सहा तास ते त्यांच्या मांडीवर होतं.

मल्लेशम म्याकल साठीच्या पुढचे, उंच आणि फार हडकुळे होते. खोलीत शिरल्यावर वृषालीनं त्यांचा उजवा हात पाहिला. तो मांडीवर ठेवलेला होता आणि थांबत नव्हता. अरुणाबाईंनी पाणी दिलं, पण बसायला सांगायला विसरल्या. आप्पांनी यंत्र जोडलं.

वृषालीनं पेन मल्लेशमांच्या बोटांत दिलं. पहिली रेघ पडद्यावर आली ती कापरी, दातेरी. दुसरीही तशीच. तिसऱ्या रेघेला कार्डानं सुरुवातीचा कल ओळखला आणि रेघ सरळ झाली. मल्लेशमांचा हात हवेत तसाच हलत होता. पडद्यावर मात्र एक लांब, संथ वेल पुढं सरकत गेली. एक पान आलं. दुसरं आलं. तिसरं. चौथं दुमडलं.

अरुणाबाई पडद्याजवळ सरकल्या.

मल्लेशम थांबले नाहीत. त्यांनी वेल आणखी दीड वीतभर नेली आणि एका पानापाशी पेन उचललं.

"हे माझं नाही," ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळत होते.

"ते माझं आहे," वृषाली म्हणाली. "सहा महिने मी चालवलंय हे. त्यातले दीड महिने तुमचं आहे हे कळल्यावर."

अरुणाबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मल्लेशमांनी पाहिलं नाही. ते पानाकडंच बघत होते.

"मधली शीर आधी काढतेस तू?"

"हो."

"का?"

"कुणी शिकवलं नाही. तसंच येतं."

"आम्ही कड आधी काढतो. कड चुकली की पान गेलं." त्यांनी पेन पुन्हा टेकवलं आणि शीर आधी काढून पाहिली. कार्डानं ती रेघ तिच्या पद्धतीनं नेली. त्यांनी आणखी एक काढलं. "ह्यात चूक खपते," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ते पडद्यासमोरून उठले नाहीत. मध्ये एकदा आप्पांनी खेळ लावून दिला. दोघं म्हातारे शेजारी-शेजारी बसून घाट उतरले आणि मल्लेशमांनी वळणावर हॉर्न दिला तेव्हा आप्पा मोठ्यानं हसले. अरुणाबाईंनी वृषालीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"दीड महिन्याचं सांगायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या.

"त्यांना दिसलंच असतं."

"हो. दिसलं असतं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "माफ वगैरे मी काही म्हणणार नाही. हे आता जे आहे, ते किती दिवस राहील?"

"ते रोज काढत राहिले तर टिकेल. माझं हळूहळू झाकलं जाईल. आजार वाढला तर मात्र सांगता येत नाही. कापरं नाही शिकत ते, पण रेघ कुठं न्यायची हे माणसालाच कळेनासं झालं, तर कार्ड काही करू शकत नाही."

"म्हणजे मोजकेच दिवस."

"मला माहीत नाही, ताई."

यंत्राचे पैसे अरुणाबाईंनी पुढं केले. वृषालीनं सुट्या भागांची किंमत झाली तेवढे घेतले, कारण तिला दुसरं जोडायचं होतं.

या वेळी तिनं कोरं कार्ड घेतलं. भट्टीत तापवलेलं, तसं लिहून दिलेल्या कागदासकट. त्यासाठी आईच्या बांगड्यांपैकी एक मोडावी लागली. आप्पांनी दुसरा डबा केला. कोऱ्या कार्डाला काहीच येत नव्हतं. वृषाली रेघ ओढी आणि ते मागून येई, तेही उशिरा. बियाणी शेठनी दोन काठ परत पाठवले. "तो हात कुठं गेला?" त्यांनी विचारलं. वर्षभर तिनं टॉवेलच्या पट्ट्या आणि टेबलक्लॉथ आखून दिले. आप्पांचा नवा ड्रायव्हर दर वळणावर दरीत पडायचा. मग त्यांनी खेळणंच सोडलं आणि रविवारी सोलापूरला फोन लावू लागले. दोघं बहुतेक मागांबद्दल बोलत. दुसऱ्या उन्हाळ्यात मल्लेशम फोनवर येईनासे झाले, तेव्हा आप्पा अरुणाबाईंशी बोलत.

तोवर वृषालीच्या कार्डाला हात आला होता. तो नेटकाही नव्हता आणि म्याकलांचाही नव्हता. बियाणी शेठनी एक पदर घेतला, मग तीन, मग भाव न करता सहा.

एका सकाळी इरफान घरी आला. सोबत पेढ्यांचा पुडा होता.

"ताई, गिऱ्हाईक आहे. सुरतेचं. आता लोक शिकलेली कार्डं शोधत फिरताहेत. माणसं ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतंय. तुमच्या ह्या कार्डाला नव्याच्या दसपट द्यायला तयार आहेत. तुम्ही दुसरं कोरं घ्या, दोन वर्षांत तेही शिकेल. ते पण विकू."

"आणि घेणारा त्याच्यावर काय करणार?"

"तुमच्यासारखे काठ काढणार. आणखी काय?"

"माझं नाव लागेल?"

इरफान हसला. "नाव पुसूनच देतात की ओ."

वृषालीनं पेढा घेतला, चहा केला आणि नको म्हणून सांगितलं. इरफाननं आणखी दोनदा विचारलं, मग विषय सोडला.

तो गेल्यावर तिनं यंत्र बंद केलं, मागचे चार स्क्रू काढले आणि कार्ड बाहेर काढून पडद्याशेजारी वर्तमानपत्रावर ठेवलं. आप्पांच्या हत्यारांच्या पेटीत मागांवर नंबर घालायचा पांढरा रंग आणि बारीक ब्रश होता. झाकण घट्ट बसलं होतं. ते तिनं पकडीनं उघडलं. कार्डाच्या मागच्या मोकळ्या बाजूला तिनं लिहिलं: वृषाली आदगोंडा मगदूम, गावभाग, इचलकरंजी. खाली फोन नंबर. त्याच्याखाली थोडी जागा उरली होती. तिथं तिनं लिहिलं: पान शिरेपासून सुरू होतं.

रंग वाळायला तासभर लागेल, असं आप्पा म्हणाले. तिनं तासभर थांबून मग कार्ड परत बसवलं.